मॉस्कोच्या वेळेचं घड्याळ

माझा मित्र सतीश गेल्याचा त्याच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला, तेव्हा मी इथं अमेरिकेत आयसेलिन गावच्या दुकानात मेथीच्या जुड्या बघत होतो. ऑफिसात खुर्चीतच कोसळला म्हणे... वय त्रेचाळीस. खरं सांगतो, मला आधी रागच आला. म्हटलं, लेका, तुला जायचं होतं ना अजून!

जायचं म्हणजे मॉस्कोहून बीजिंगला, रेल्वेनं. नागपूरच्या या माणसाला त्या सहा दिवसांच्या प्रवासाचं खूळ होतं. ती गाडी सैबेरियातही मॉस्कोच्याच वेळेनं धावते, म्हणून यानं एडिसन गावातल्या आपल्या घरी स्वयंपाकघरात मॉस्कोच्या वेळेचं वेगळं घड्याळ टांगलं. दर शनिवारी दुपारी जेवण संपता संपता लेकीला सांगायचा, "चिनू, आता गाडी बैकाल सरोवराशी पोचतेय बघ." वहिनी म्हणायच्या, "आधी ताटातलं संपवा, मग चीनला जा."

दोन हजार सहामध्ये त्यानं खरंच तिकीट काढलं. अडवलं ते मी. "यार, ग्रीन कार्डची फाइल अर्ध्यात आहे. परत यायला व्हिसाचा शिक्का मिळाला नाही तर सगळंच बोंबललं. विषाची परीक्षा कशाला? कार्ड येऊ दे." त्यानं मुकाट्यानं कॅन्सल केलं. आम्ही सगळे असेच. आईचं आजारपण, भावाचं लग्न... सगळं कार्ड आल्यावर. आता या 'आल्यावर'चा फार शीण येतो.

तो गेला आणि त्याच्या नोकरीवर उभी असलेली ती फाइलही संपली. वहिनींना नागपूरला परतणं भाग होतं. गेल्या महिन्यात एका शनिवारी खोकी बांधायला गेलो, तर भिंतीवर ते घड्याळ तेवढं उरलेलं. जमिनीवर पेपर पसरून आम्ही पिठलं-भात खायला बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "चिनू, गाडी बैकालला पोचली असेल, नाही?"

"नॉट येट, काका. बैकाल इज आफ्टर लंच." नऊ वर्षांची पोर, भात कालवत पुढे म्हणाली, "बाबा म्हणाला, तुझा जन्म इथला, तुला कार्ड नाही लागत. यू डोन्ट हॅव टू वेट."

वहिनींनी तोंड फिरवलं. सतीशची माफी मागायची राहूनच गेली.

घड्याळ आता माझ्याकडे आहे. शनिवारी जेवण झालं की त्याच्यासमोर उभा राहून म्हणतो, "सत्या, बैकाल आलं रे..."

माझं कार्ड अजून आलेलं नाही.