रेवदंडा, सोडे आणि घासलेला नंबर

आधी झालं ते, जसं झालं तसं:

१. शनिवारी सकाळी मी एकटी रेवदंड्याला गेले, रविवारी संध्याकाळी परतले.
२. आमच्या कंपनीने विकलेलं मासळी सुकवण्याचं यंत्र तिथे बंद पडलेलं होतं.
३. दुरुस्त करणाऱ्याला त्यातल्या चिपचा नंबर वाचता आला नाही. तो घासून काढलेला होता.
४. नंबर घासण्याची लेखी सूचना माझी होती.
५. हे मी तिथे कुणालाही सांगितलं नाही.

आता प्रवास. गेटवेहून मांडव्याची सकाळची लवकरची बोट पकडा. तिकीट दोनशेच्या आसपास, आणि मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस त्यातच येते, म्हणून तिकीट फेकून देऊ नका. अलिबाग स्टँडबाहेर रेवदंड्याच्या रिक्षा मिळतात. भरल्याशिवाय सुटत नाहीत. पुढचा रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळीची सावली असल्यामुळे खड्डे सहन होतात.

ऑफिसात मी सुट्टीचं कारण ‘विश्रांती’ लिहिलं होतं. ते अर्धंच खरं. मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे. आमची लहानशी कंपनी सौर ड्रायर विकते: वर काच, आत जाळ्या, आणि आतली उष्णता बेताची ठेवणारा पंखा. रेवदंड्यात एका महिला बचत गटाकडे आमचं यंत्र आहे हे मला ठाऊक होतं. चालत्या यंत्राचा एक फोटो इथे ब्लॉगवर टाकावा, असं मनात होतं.

वाटेत चौलला उतरले. रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी बघाच, सकाळी तिथे कुणी नसतं. शेजारच्या वाडीत एक काका पोफळींना पाणी सोडत होते. मी कुतूहलाने बघतेय म्हटल्यावर त्यांनी करवंटीतून दोन खापरं काढून हातावर ठेवली. पांढरी, निळ्या नक्षीची.

“चिनीमातीची. आळी खणताना निघतात. इथं मोठं बंदर होतं ना.”

“कुणी न्यायला येत नाही?”

“शाळेचे सर येतात, बघतात, जातात. नारळाला खत लागतं, खापर न्हाय.”

एका खापराच्या तळाला घडवणाऱ्याची निळी खूण होती. अर्धी तुटलेली, पण स्पष्ट. मी फोटो घेतला आणि पुढे निघाले.

रेवदंड्यात वंदनाताईंकडे उतरले. कोळीवाड्याच्या कडेला त्यांच्या दोन खोल्या आहेत, हजारभर रुपयांत, नाश्त्यासकट. दुपारी तांदळाची भाकरी, तळलेली सुरमई आणि सोडे घातलेलं वांगं. सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी. वंदनाताई त्या बचत गटाच्या प्रमुख निघाल्या, आणि आमचं यंत्र त्यांच्याच अंगणात होतं. आत कांदे ठेवले होते. दारावर आमचं स्टिकर: ‘स्वदेशी तंत्र. चीनला आपलं उत्तर.’

“हे चालत नाही?” मी विचारलं.

“उत्तर बंद पडलंय, बाय,” त्या म्हणाल्या. “पंखा थांबला नि आतले सोडे उकडले. चीनला काय पोचलं म्हाईत न्हाय, आमची कोलंबी गेली.”

“कांदे मात्र झ्याक ऱ्हातात,” कोलंबी सोलत बसलेली त्यांची जाऊ म्हणाली, आणि दोघी हसल्या. मीही हसले. ते आता आठवायला नको वाटतं.

होळीच्या आत मुंबईच्या एका दुकानाला सोडे पोचवायचे होते. दुकानाला वाळूचा कण चालत नाही, म्हणून तर यंत्र घेतलं होतं. माल पोचला नाही तर दुकान दुसऱ्या गावाकडून घेणार. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, दुरुस्ती होत नाही, नवीन घ्या. ते धोरण मला माहीत होतं.

संध्याकाळी यंत्रातलं, पंखा चालवणारं सर्किट बोर्ड काढून वंदनाताई बाजारात इक्बालभाईंकडे निघाल्या. मी बरोबर गेले. इक्बालभाई बोटींवरचे वायरलेस सेट आणि गावातले मिक्सर दुरुस्त करतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

“माल चीनचा हाय. असली बोर्डं बोटीवर रोज बघतो. चिपचा नंबर वाचायचा, तशी मागवायची, लावायची. पण हे बघा, साफ घासलंय.”

“चीनवाल्यांनी?” वंदनाताईंनी विचारलं.

“त्यांना काय पडलंय? ते छापून पाठवतात. हे इथल्याच कुणाचं काम. बारीक पॉलिश पेपर, एकाच दिशेनं. हात सफाईचा हाय हां.”

‘बारीक पॉलिश पेपर, एकाच दिशेने.’ सूचनेतले शब्द हेच. नंबर मला तोंडपाठ होता. मी दुसऱ्या दिवशीच्या एसटीची वेळ विचारली.

रविवारी किल्ल्याच्या तटाकडेने समुद्रावर गेले. ओहोटीला जा, चालायला लांबच लांब ओली वाळू मिळते. परतताना वंदनाताईंच्या सासूबाई जुन्या साडीवर कोलंबी पसरून, काठी घेऊन कावळे हाकत बसलेल्या दिसल्या. मी फोटो घेतला नाही. निघताना वंदनाताईंनी सोड्यांची पुडी हातात दिली, पैसे घेतले नाहीत.

“खाऊन बघ. यंत्र चालत होतं तवाचे हायत.”

चीन एवढा मोठा झाल्यावर बाकीच्या देशांनी काय करावं, यावर मी याच ब्लॉगवर गेल्या वर्षी ठसक्यात लिहिलं होतं. आयात रोखा, कर लावा. कर लावल्याने एखाद्या कारखान्याला उसंत मिळते, हे आजही मला पटतं. पण त्या उसंतीत आम्ही काय केलं? ठरलं होतं असं: पहिल्या वर्षी चीनचं बोर्ड, दुसऱ्या वर्षी आपलं. आपलं बोर्ड मीच आखलं. तिसऱ्या चाचणीत ते तापलं. चौथी चाचणी झाली नाही, कारण तोवर स्टिकरवरच माल खपू लागला होता. चीनसुद्धा इतरांच्या वस्तू उघडून, वाचून, बिघडवून शिकला. आम्ही वस्तू आणली आणि आपल्याच माणसांना ती वाचता येणार नाही अशी तजवीज केली. चीनला यातलं काही कळलंही नसेल. इक्बालभाईंना कळलं.

सोमवारी मी त्यांना नंबर पाठवला. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला: “पंखा चालू. वंदना खूश. नंबर तुम्हाला कुठून मिळाला?” मी उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर म्हणजे हे लिखाण.

पुडी अजून फोडलेली नाही.

आमची यंत्रं किनाऱ्यावर आणखी गावांत आहेत. माझ्या कंपनीच्या संचालकांना विनंती: सगळ्या भागांचे नंबर आणि बोर्डाचा नकाशा ग्राहकांना द्यायची परवानगी द्यावी, आणि दारावरचं स्टिकर काढावं. हेच पत्र त्यांना ईमेलनेही पाठवलं आहे. नकार असेल तर तोही लेखी द्यावा. उत्तर येत्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवावं.