सरांच्या मुठीचा डाग

माझ्या गळ्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला, कित्येक वर्षं एक निळा डाग होता. ज्युडोत आधी समोरच्याची कॉलर धरतात. आमचे सर नुसती धरत नसत. कापड मुठीत गोळा करून बोटांची हाडं आत रुतवत आणि मग वळवत. फेकण्याच्या आधीच माणूस अर्धा पडलेला असे. आंघोळीच्या वेळी मी त्या डागाला हात लावून बघायचो. दुखला की बरं वाटायचं. म्हणजे सरांनी काल आपल्यालाच धरलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

मी इकडचा नाही. कोल्हापूरच्याही खाली, दिवसभराच्या प्रवासाच्या पलीकडे माझं गाव. नववीत शाळा सुटली आणि रस्त्याच्या ठेकेदाराबरोबर टँकरवर निघालो. साकोलीकडचं काम संपलं तेव्हा मला कावीळ झाली होती. टोळी पुढच्या कामावर गेली, मी राहिलो. सानगडीबाहेर एक बंद पडलेली राईस मिल होती, तिच्या गोदामात सर क्लास चालवायचे. फौजेतून परत येऊन शेती आणि संध्याकाळी पोरांना ज्युडो, थोडं आयकिडो. मी गोदामाच्या ओट्यावर पडलेलो त्यांना दिसलो. त्यांनी पायानं मला उलटं केलं.

"मेला का जिता हायेस बे?"

"जिवंत आहे," म्हणालो.

"मंग उठ. जेवाले चाल."

त्या एका जेवणाचं ऋण मी अजून फेडतो आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. बरा झाल्यावर त्यांनी गोदामाच्या कोपऱ्यात माझी पत्र्याची पेटी ठेवायला जागा दिली. झाडलोट माझी, पाणी माझं आणि पडणंही माझं.

पडणं हेच माझं खरं काम होतं. फेक दाखवायची तर कुणीतरी फेकलं जावं लागतं. गावातल्या पोरांना जोरानं आपटलं की घरी आया पाठ बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी बाप गोदामाच्या दारात उभा. सरांनी हे पोरांसमोर एकदा मोकळेपणानं सांगून टाकलं होतं.

"तुमाले हळू फेकतो, तुमची माय मले शिव्या देते. याले कसाही फेका. याची पाठ पाहाले कोणी नाही."

पोरं हसली. मीही हसलो. खोटं काय होतं त्यात?

आमची गादी तणसाची. मळणी झाली की प्रत्येक पोरानं घरून भाताचं तणस, म्हणजे पेंढा, आणायचं, ते बारदानात कोंबायचं, वर ताडपत्री ताणून कडेनं विटा लावायच्या. पौषात त्या गादीवर पडणं म्हणजे सुख. वास गोड, अंग आत रुततं. मग वर्षभर शंभर पायांखाली ती दबत जाते. भादव्यापर्यंत तणसाचा भुगा होतो, ओल धरते, उंदीर होतात आणि गादी जमिनीपेक्षा कडक लागते. सर म्हणायचे, शिकायचं तर भादव्यात शिका, पौषात कुणीही पडतं.

गेल्या उन्हाळ्यात माझा डाग फिका पडायला लागला.

आधी वाटलं, सर नाराज आहेत. काय चुकलं म्हणून मी गोदाम दोनदा झाडू लागलो. डाग पिवळा झाला, मग गेला. तेव्हा मी सरांच्या हाताकडे नीट पाहिलं. उजव्या मुठीतलं कापड सैल होतं. अंगठा मिटत नव्हता. कॉलर धरल्यावर जी ओढ यायची ती येतच नव्हती, नुसता हात छातीवर टेकलेला, आणि तो बारीक हलत होता.

सरांच्या बायकोला मी काकू म्हणतो. सकाळी त्यांच्या अंगणात चहा घ्यायला गेलो तेव्हा पाहिलं, सरांच्या स्टीलच्या ग्लासात चहा अर्धाच. माझा ग्लास काठोकाठ. काकूंनी माझी नजर पकडली.

"काय पाहून राहिला? पुरा भरला का सांडते. फेब्रुवारीतच गेला हात. सकाळी उठला तं तोंडही वाकडं होतं घडीभर. दवाखान्यात जा म्हटलं तं म्हणते, हातावर झोपलो होतो."

"मग क्लास कसा..."

"तुले काहून आणलं होतं घरी? पडाले ना? मंग पड." आणि चुलीतलं लाकूड आत सरकवत म्हणाल्या, "क्लास बंद झाला तं याले मी दिवसभर घरात पाहू का? आन तू कोठं जाशील?"

हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होतो. साकोलीत एक कराटेचा क्लास निघाला होता, फोमच्या रंगीत गाद्या, भिंतभर आरसे. आमची निम्मी पोरं सरांच्या नावावर टिकून होती. सरांचा हात गेला हे एकदा बापांना कळलं की पोरं साकोलीला, गोदामाला कुलूप आणि माझी पेटी ओट्यावर.

म्हणून मी उडी मारू लागलो. सरांनी खांदा वळवला की मी स्वतःच जमीन सोडायचो, हवेत पलटी घ्यायचो आणि हात गादीवर असा आपटायचो की टिनाच्या छपरावरची पाखरं उडायची. पोरं तोंडाचा आ करून बघायची. सर इतक्या लांब फेकतात हे त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं. सरही काही बोलले नाहीत. उन्हाळा गेला, भाताची रोवणी झाली, पोरं चिखलानं सोललेल्या हातांनी परत क्लासला आली. सगळं सुरळीत चाललंय असं मला वाटत होतं.

आमच्यात एक मुलगी आहे, मूळची करडी गावची, मामाकडे राहून पोलीस भरतीची तयारी करते. रोवणीत दिवसभर वाकून परत संध्याकाळी दोन पोरांना आडवं करते. तिला गोड बोलता येत नाही. भादव्यातल्या एका संध्याकाळी मी पडून उठत होतो तेव्हा ती मागून म्हणाली,

"सर, दादा आपल्या आपून पडून राहिला जी. तुमी तं धरलंही नव्हतं."

सर तिच्याकडे न बघता माझ्याकडे आले.

"ये इकडं."

त्यांनी माझ्या कॉलरवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. काही केलं नाही. मी वाट पाहत होतो. सगळी पोरं वाट पाहत होती. सरांचा हात माझ्या छातीवर थरथरत होता आणि मला एकच दिसत होतं, की हे आता सगळ्यांना कळणार. मग सर खोकले. खोकताना त्यांचा खांदा जरासा हलला.

मी पडलो.

पलटी घेतली, हात आपटला, आवाज छपराला गेला. सर खोकतच होते. आधी कुणीतरी फुसकन हसलं, मग सगळी हसली. करडीची मुलगी हसली नाही, पण तिनं मान फिरवली, ते जास्त लागलं.

"मी काय केलं?" सरांनी विचारलं.

मी पडल्या जागी होतो. "काही नाही, सर."

"मंग कायले पडला?"

सर पोरांकडे वळले.

"पाहून घ्या पोट्टे हो. असा माणूस पाहाले भेटत नाही. खोकललो तं पडते. उद्या पादलो तं मरन." हशा पिकला. सर खाली वाकले आणि मला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मले दया दाखवतेस बे? माह्या घरचं खाऊन?"

मग पुन्हा मोठ्यानं, "रविवारी पट्ट्याची परीक्षा आहे. सगळ्यांचे बाप येतीन. त्या दिवशी मी नाही फेकत. हा मले फेकन. जोरानं. नाही फेकलं तं सोमवारी याची पेटी बाहेर."

रविवारपर्यंत मला जेवण गेलं नाही. एक तर सत्तरीकडे झुकलेल्या, हात गेलेल्या माणसाला भादव्यातल्या गादीवर आपटायचं, नाही तर निघायचं. निघून जायचं कुठं? घरी धाकट्या भावाचं लग्न होऊन माझ्या खोलीत त्याचा संसार मांडलेला. फोन केला की आई म्हणायची, तिकडं बरं चाललंय ना, मग राहा बाबा. शनिवारी मी काकूंना सांगून पाहिलं, तुम्ही तरी थांबवा त्यांना.

"थांबवून थांबला असता तं मी इतकी वर्षं कायले रडली असती?" काकू म्हणाल्या. "फेक. पण डोक्यावर नको पाडू, बाप्पा. डोस्कं तेवढं चालते अजून."

रविवारी पाऊस थांबला होता. बाप मंडळी भिंतीला टेकून बसली, काहींच्या चपला गादीवरच, मी उचलून बाहेर ठेवल्या. पोरांच्या परीक्षा झाल्या. मग सर मधे आले. ड्रेसची गाठ काकूंनी बांधून दिली होती, ती उलटी पडली होती. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत माझ्यासमोर ते पहिल्यांदा वाकले, आणि मला पळून जावंसं वाटलं.

मी धरलं, पाय घातला, त्यांना कमरेवर घेतलं आणि हळूच खाली ठेवलं. मान हातात धरून, अगदी बाळासारखं.

सर तिथूनच ओरडले, "पाळण्यात झोपवून राहिला का मले?" बापांनाही हसू फुटलं. सर उठले. उठताना उजवा हात टेकला नाही, डाव्यानं उठले. "पुन्हा. आन आता हळू ठेवलं ना, तं पेटी मीच फेकतो, तुह्यासंगं."

दुसऱ्या वेळी मी फेकलं.

सर हलके होते. इतके हलके असतील असं वाटलं नव्हतं. ते हवेत गेले तेव्हा मी डोळे मिटले. पडताना माणूस हातानं गादीवर मारतो, त्या माराला एक भरीव आवाज असतो, रोज ऐकतो मी तो. त्या दिवशी अर्धाच आला. डावा हात आला, उजवा आलाच नाही. मग काडी मोडल्यासारखं काहीतरी.

सर आडवेच राहिले. तोंड पांढरं पडलं होतं. पोरांकडे बघून म्हणाले, "पाहिलं? याले म्हणतात फेक."

साकोलीच्या डॉक्टरनं गळ्याचं हाड मोडलं म्हणून सांगितलं आणि उजवा हात गळ्यात बांधून दिला. बोटं थरथरतात ती कशानं, असं त्यानं विचारलं. सर म्हणाले, "पडल्यानं." मी बाजूला उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

सोमवारी पहाटे मी स्वतःच पेटी भरली. कडी लावत होतो तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी पेटी उघडून सगळे कपडे तणसावर उलटे केले.

"खांदा मोडून पळून चालला का? मोठा आला मर्द. आता याले आंघोळ कोण घालन? मी? माह्या कमरेत जीव आहे का?"

म्हणून मी राहिलो.

गावात काय बोलत होते ते चहाच्या टपरीवर कळलं. ज्यानं आजारात उचलून आणलं, जेवू घातलं, त्याचाच हात मोडला पोट्ट्यानं. कसला इमान राहिला नाही बाहेरच्या माणसात. मी गेलो की टपरीवर बाक रिकामा व्हायचा. आणि सर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवून सांगायचे, "माह्याच चेल्यानं मोडला. असा फेकते का, विचारू नका." त्यांच्या आवाजात काय होतं ते मला अजून नक्की कळलेलं नाही. पण एकही पोर साकोलीला गेलं नाही. उलट नवीन आली. ज्याचा चेला असा, तो गुरू कसा असेल, असं बाप म्हणत. हात फेब्रुवारीतच गेला होता, हे गावाला माहीत नाही. आता कळायचंही नाही.

करडीच्या मुलीला कळलं असावं. मी क्लास घ्यायला उभा राहिलो त्या पहिल्या संध्याकाळी ती जवळ येऊन म्हणाली, "दादा, सरांचा हात तं आधीच..."

"तू कॉलर धर," मी म्हणालो. "आणि आज मी आपोआप पडणार नाही."

"नाही पडले तं बरंच," ती म्हणाली. "भरतीत आपल्या आपून कोण पडते?"

त्या दिवशी तिला मला पाडता आलं नाही. ती रडवेली झाली आणि मी तिला पुन्हा उभं केलं, आणि पुन्हा. सर दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. शेवटी मलाच दम लागला तेव्हा तिनं मला गादीवर घातलं. भादव्यातली गादी. पाठ अजून दुखते. सर म्हणाले, "असं शिकव. दया नको दाखवू कोणाले."

सकाळी मी सरांना आंघोळ घालतो. मोरीत पाटावर बसवतो, बांधलेला हात ओला होऊ न देता पाठीवर पाणी ओततो. ते बोलत राहतात. पाणी थंड आहे. साबण डोळ्यात घातलास. आणि रोज कधीतरी ते येतंच:

"दुसऱ्या वेळी डोळे मिटले होते तू."

"हो, सर."

"पायही उशिरा टाकला. म्हणून हाड गेलं. बरोबर टाकला असता तं काही नसतं झालं. अजून येत नाही तुले."

"नाही, सर."

परवा मी त्यांचे पाय धुवायला वाकलो होतो. त्यांनी डाव्या हातानं माझी कॉलर धरली. डावा हात अजून धड आहे. कापड मुठीत गोळा झालं, बोटांची हाडं आत रुतली, मग वळली. डोळ्यांसमोर अंधारी आली. मी पाटाची कड धरून तसाच वाकून राहिलो.

"पड ना," सर म्हणाले.

"नाही, सर."

त्यांनी आणखी वळवलं. बराच वेळ सोडलं नाही. मग सोडलं आणि म्हणाले, "पाणी टाक. थंडी वाजून राहिली."

आज बघितलं, डाग परत आलाय. आता उजव्या बाजूला आहे.