कान निघालेला फ्रेंच जग

२०१६च्या उन्हाळ्यात माझ्याकडे फ्रान्समधली मातीची तीन भांडी होती. सगळी गेल्या शतकातली, एकेका कुंभाराने हाताने घडवून तळाशी आपली खूण केलेली. डहाणूत हा नाद असलेला दुसरा माणूस मला भेटला नाही. आई म्हणायची, "वाणगावच्या बाजारात मडकी संपली का रे?"

चौथा, तपकिरी रंगाचा पाण्याचा जग घोलवडच्या एका चिकूवाडीतल्या वयस्कर पारशी बाईंनी दिला. त्यांच्या दिवंगत नवऱ्याने तो बोटीवर नोकरीला असताना फ्रान्सहून आणलेला. वाडी विकून बाई आता मुलीकडे निघाल्या होत्या. "यांनी कपाटात ठेवला, कोणाला हात लावू दिला नाय. तुमी पाणी भरा, भाई. जायच्या आधी बघायला येते."

घरी आणून मी त्याची उंची मोजली, वजन केलं, दोन लिटरला थोडं कमी मावेल असा अंदाज बांधला आणि कामाला गेलो.

नवं मडकं आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचं, ही आमच्या घरची रीत. आईने जगही बुडवला. संध्याकाळी काढायला गेली तर कान तिच्या हातात आणि जग बादलीत.

"मी नाही रे तोडला!"

तिने तोडला नव्हताच. सांध्यावर जुन्या डिंकाचा पिवळा थर होता.

"चिकटव परत."

"पाणी भरलं की निघेल. आणि त्या पाणीच बघायला येणार आहेत."

"मग ती बाजू भिंतीकडे कर."

तसं करणं मला जमणार नव्हतं. पण नवऱ्याची जपलेली वस्तू आमच्याकडे एक दिवसही टिकली नाही म्हणून बाई जग परत नेतील, आणि ते रास्तच असेल, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी जग आणि कान टेबलावर ठेवून झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी नखाने डिंक खरवडून पाहिला आणि खुर्ची हलेपर्यंत हसल्या.

"लुच्चो! सोताच तोडला, नि मला जन्मभर सांगितलं, तू फोडशील!"

आईने जग काठोकाठ भरला. मी तळाखालून हात फिरवला. कोरडा. बाई ग्लासभर पाणी प्यायल्या आणि कान रुमालात गुंडाळू लागल्या.

"हा माझा. वर गेल्यावर दाखवीन त्याला. जग तुमचा."

"कान नाही तर ओतायचं कसं?" आईने विचारलं.

"दोन हात दिलेत ना देवाने, बेन?"

आईने दोन्ही हातांनी जग उचलला आणि त्यांचा ग्लास पुन्हा भरला.