हर्लिंगसाठी एक भिंत

टिलबर्ग या डच शहरात विद्यापीठ आहे, कडेने लांबवर पसरलेली गोदामे आहेत, मैदाने तर जवळजवळ प्रत्येक वस्तीला आहेत; तरीही या शहराने स्वतःचा म्हणावा असा एकही हर्लिंग खेळाडू आजवर घडवलेला नाही, ही आमच्या प्रशिक्षक बाईंची खंत आहे. बाई ती तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. सराव संपल्यावर भिजलेले चेंडू पिशवीत भरता भरता, हवामानाबद्दल बोलावे तशा सहज बोलून जातात, आणि म्हणूनच ती माझ्या मनात राहते.

हर्लिंग हा आयर्लंडचा खेळ. टोकाला पसरट होत गेलेली लाकडी काठी, साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढा कातडी चेंडू, आणि तो जमिनीवरून, हवेतून, प्रसंगी धावता धावता काठीच्या पात्यावर तोलून नेऊन मारायचा. पाहणाऱ्याला आधी भीती वाटते आणि मग हेवा. बाईंचा जन्म तिथल्या एका खेड्यातला. एक चर्च, एक दुकान आणि एक मैदान, एवढेच ते गाव. पण तिथून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू निघत आले आहेत. इथल्या माणसाशी लग्न करून त्या टिलबर्गला आल्या, एका गोदामात कामगारांच्या पाळ्या लावण्याचे काम करू लागल्या, आणि शनिवारची सकाळ त्यांनी या खेळाला देऊन टाकली.

मोठ्यांच्या संघात चांगले खेळाडू येतात, नाही असे नाही. दर सप्टेंबरमध्ये आयर्लंडहून विद्यार्थी येतात, अधूनमधून एखादा अभियंता येतो. पण ते तयार होऊनच येतात, आणि पदवी किंवा करार संपला की जातात. बाई म्हणतात, आमचा क्लब हा क्लब नाही, बसथांबा आहे. इथले डच तरुण येतात ते विशीत, बहुधा हॉकी खेळून. काठी खांद्याच्या वर न्यायची नाही हे त्यांच्या अंगात इतके मुरलेले असते की चेंडू डोक्यावरून जात असताना ते नम्रपणे त्याच्याकडे पाहत राहतात.

माझी मुलगी या खेळात आली ती शाळेच्या क्रीडादिनामुळे. बाईंनी तिथे चार काठ्या मांडून ठेवल्या होत्या. हिने त्यातली एक उचलली आणि परत ठेवली नाही. आता ती तेरा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात बाईंनी ठरवले की बेल्जियममध्ये वसंतात होणाऱ्या मुलांच्या स्पर्धेत या वेळी केवळ टिलबर्गमध्ये वाढलेल्या मुलामुलींचा संघ उतरवायचा. शेजारच्या शहरांतल्या आयरिश कुटुंबांकडून मुले उसनी आणायची नाहीत. त्या संघात आपण असावे, असे माझ्या मुलीला फार वाटत होते. इतके, की तिने ते मला मराठीत सांगितले. एरवी ती मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. डच ती रागावल्यावर वापरते, कारण त्यात माझा वेग कमी पडतो.

अडचण तिच्या हातांची होती, आणि ती मी निर्माण केलेली होती. लहानपणी घरामागच्या छोट्या बागेत मी तिला क्रिकेट शिकवले होते. डावा हात वर, उजवा खाली, बॅट सरळ. पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीच्या बापाला मुलांच्या हातात काठीसारखे काहीही दिसले की दुसरे सुचतच नाही. हर्लिंगमध्ये उजव्या हाताच्या माणसाने उजवा हात वर धरायचा असतो. तिचा डावाच वर जाई.

“तुमची मुलगी सुंदर खेळते हो,” बाई एकदा मला म्हणाल्या. “क्रिकेट.”

मी हसलो, आणि लगेच माफी मागितली. त्यांनी ती झटकून टाकली आणि उपाय सांगितला: भिंत. रोज भिंतीवर चेंडू मारायचा, परत आलेला झेलायचा, पुन्हा मारायचा. कोणी शिकवायला नको, कोणी पाहायला नको. त्यांच्या खेड्यात प्रत्येक मूल दुकानात जाताना काठी घेऊन जाई आणि वाटेतली प्रत्येक भिंत बडवत जाई. डोक्याला सांगून हात बदलत नाहीत, असे त्या म्हणाल्या. हात हळूहळू विसरतात.

आमचे घर ओळीतल्या घरांपैकी शेवटून दुसरे. शेवटच्या घराची बाजूची भिंत, एकही खिडकी नसलेली, पायवाटेकडे तोंड करून उभी आहे. मुलीने ती दुसऱ्याच दिवशी शोधली. शाळेतून आली की दप्तर दारात टाकून ती तिकडे पळे, आणि वरच्या मजल्यावर काम करताना मला तो आवाज ऐकू येई. टक्, मग थोडी शांतता, मग पुन्हा टक्. शांतता म्हणजे झेल सुटला. काही आठवड्यांत त्या शांतता कमी होत गेल्याचे माझ्या लक्षात आले, आणि मी काम थांबवून ऐकू लागलो.

मग एका दुपारी त्या घराच्या मालकाने आमची बेल वाजवली. तो धिप्पाड गृहस्थ रात्री ट्रक चालवतो. भिंतीवर चेंडू मारते ती तुमची मुलगी का, एवढे त्याने विचारले. पुढचे वाक्य मी त्याला बोलू दिले नाही. चूक झाली, फार त्रास झाला असेल, यापुढे होणार नाही, असे सगळे मी एका दमात बोललो. तो काहीतरी सांगू पाहत होता. मी आणखी एकदा माफी मागितली. शेवटी खांदे उडवून तो परत गेला. मी मुलीला सांगितले की ती भिंत आता बंद.

परक्या देशात राहणाऱ्या माणसाला क्षमायाचना फार सोयीची पडते. तिला लोक नम्रता समजतात आणि मीही तसेच समजत आलो. वास्तविक ती समोरच्याचे ऐकून न घेण्याची एक रीत आहे. आणि त्या दुपारी तिची किंमत मी मोजत नव्हतो, माझी मुलगी मोजत होती. मैदान दुसऱ्या खेळांसाठी राखीव, शाळेच्या भिंतीला सगळ्या खिडक्या. तिचा डावा हात हळूहळू पुन्हा वर सरकू लागला.

बाईंना ते पहिल्याच शनिवारी दिसले. काय झाले, असे त्यांनी मला विचारले, आणि मी, लाज झाकण्यासाठी असेल, त्यांना शहराबद्दलचे माझे विचार ऐकवले. मोठ्या शहरात मुलांचा वेळ अनेक वर्गांमध्ये वाटला जातो. आमच्याच घरी पाहा, पोहणे, गणित, रविवारी मराठी. माणसे येतात आणि जातात. परंपरा रुजायला पिढ्या लागतात. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. सगळे खरे असेल, त्या म्हणाल्या, पण भिंतीचे काय झाले? मी शेजाऱ्याच्या तक्रारीविषयी सांगितले. बाजूला उभी राहून काठीवर चिकटपट्टी गुंडाळत असलेल्या मुलीने मान वर केली.

“बाबा, त्यांनी तक्रार केलीच नव्हती. तू त्यांना बोलूच दिलं नाहीस. तू सॉरी म्हणायला दारातच उभा असतोस.”

हेही ती मराठीत म्हणाली. बाईंना शब्द कळले नसावेत, पण त्यांनी पिशवीचे तोंड बांधले आणि आमच्याकडे पाठ केली, हे त्यांचे सौजन्य.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलगी एकटीच शेजाऱ्याच्या दारात गेली. मी बरोबर येऊ का, असे विचारले तर नको म्हणाली. आमच्या दारातून मला तिची पाठ आणि त्याचा चेहरा दिसत होता. तिने डचमध्ये सरळ विचारले की तुम्हाला त्या दिवशी काय सांगायचे होते. ते सांगायला त्याला फार वेळ लागला नाही. भिंतीच्या खालच्या भागात विटांमधले सिमेंट त्याने नुकतेच नव्याने भरले होते, तेव्हा चेंडू कमरेच्या वर मारावा. आणि रात्रपाळी असेल त्या दिवशी तो दुपारी चारपर्यंत झोपतो, तेव्हा त्यानंतर मारावा. एवढेच. तिने विचारले, रात्रपाळी आहे हे मला कसे कळणार? थोडा विचार करून तो म्हणाला की पडदे ओढलेले असले तर मी झोपलेलो आहे. मग त्याने तिची काठी हातात घेऊन वजन पाहिले आणि याने दात पडत नाहीत का, असे विचारले. अजून तरी नाही पडले, ती म्हणाली. तो मोठ्याने हसला.

इथल्या माणसाला एखादी गोष्ट नको असली की तो नको म्हणतो. तसे म्हटले नाही तर ती चालते. या देशात इतकी वर्षे काढून मला न उमगलेले हे माझ्या मुलीला शिकवावे लागले नाही. ती घरात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हते. जेवण कधी आहे, एवढे तिने विचारले.

पडदे ओढलेले नसले की टक् टक् सुरू होई. पावसात, वाऱ्यात, हात लाल होईपर्यंत. मला तिच्या चिकाटीचे आश्चर्य वाटे. कारण मी ती तिला दिलेली नव्हती. मार्चमध्ये बाईंनी संघ सांगितला आणि तिला बचावाच्या कोपऱ्यात जागा दिली. का दिली ते सांगितले नाही. हात मात्र त्यांनी बराच वेळ न्याहाळले होते.

बेल्जियममधला पहिला सामना आम्ही मोठ्या फरकाने हरलो. दुसराही हरत होतो. बाई आणि मी मैदानाच्या कडेला उभे होतो, आणि आमच्या शेजारी एक वयस्कर आयरिश गृहस्थ. त्यांचा नातू समोरच्या संघात होता. चेंडू आमच्या गोलसमोर सुटा पडला आणि दोन मुले त्यावर धावली. माझी मुलगी त्यांच्या आधी पोहोचली. तिने तो काठीने वर उचलला, डाव्या हातात झेलला, एक पाऊल वळली आणि उजवा हात वर ठेवून असा मारला की तो अर्धे मैदान ओलांडून गेला.

“कुठली ही मुलगी?” त्या गृहस्थांनी विचारले.

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर माझ्या तोंडात तयारच असते. आम्ही मूळचे पुण्याचे, असे म्हणायला मी सुरुवातही केली होती.

“टिलबर्गची,” बाई म्हणाल्या. मैदानावरून त्यांनी नजर काढली नव्हती. मग तोंडाभोवती दोन्ही हात धरून त्यांनी तिला जागेवर परत जायला ओरडून सांगितले, कारण चेंडू पुन्हा आमच्याच बाजूला येत होता.