सगळ्यांचा जन्म एक जूनचा

तेर गावच्या दैवशालाताईंचा फोन आला की मला धास्तीच वाटायची. बाई लई गुणाच्या. माझ्याकडं काम करणाऱ्या चाळीस जणींत त्यांच्याइतकं नेटकं काम दुसरीचं नाही. पण फोन यायचा तो फॉर्म अडल्यावरच, आणि फॉर्म बनवणारा मी.

काम साधं होतं. पुण्याची एक कंपनी जुन्या शाळांच्या रजिस्टरांचे फोटो पाठवायची. त्यातली नावं, जन्मतारखा गावोगावच्या बायका घरी बसून मोबाइलवर भरायच्या. त्यासाठीचं वेबपेज मी धाराशिवात बसून बनवलं. दैवशालाताईंच्या मोबाइलची काच खालून फुटलेली, म्हणून बटण वर घेतलं. ते नळदुर्गच्या रोहिणीला दिसेना, म्हणून परत खाली. चार महिने हेच! कंटाळा म्हणजे काय, जीव आंबून गेला होता.

ताईंना मात्र हे काम सुटून चालणार नव्हतं. सासूबाई, मथुराबाई, खुबा मोडून दोन वर्षं अंथरुणावर. तासातासाला त्यांची कूस बदलावी लागायची. अशी बाई मजुरीला जाणार कधी? घरात बसून होणारं हे एकच काम होतं.

त्यात कंपनीनं नियम धाडला. एकच तारीख सारखी आली तर बाई न बघता भरतेय असं धरायचं. तीन ताकिदी, मग आयडी कायमचा बंद. मी मुकाट्यानं तो वेबपेजच्या कोडमध्ये लिहून टाकला. दोन ओळींचा तर होता.

आठवड्यात ताईंना दोन ताकिदी गेल्या. मी तेरची एसटी धरली.

"शिवशंकरभाऊ, तुमीच बघा," म्हणत त्यांनी रजिस्टरचा फोटो पुढं केला. ओळीनं एक जून, एक जून, एक जून. "शाळा जूनात उघडायची. जन्म कवाचा इचारलं की आई म्हणायची, ज्वारी काढायला आल्ती तवाचा. मग गुरुजी काय करणार? ठोकला एक जून. म्या मनानं कायबी भरलं न्हाय."

मी पुण्याला कंपनीच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "एवढी माणसं एकाच दिवशी जन्मतात होय? नियम राहू दे." डोकं फिरलं माझं; पण भांडायचं त्राण नव्हतं. ताईंना एवढंच सांगितलं, की तिसरी ताकीद आली तर माझ्या हातात काही नाही.

तिसरी ताकीद आलीच नाही. पंधरा दिवसांनी साहेबांचा मेल आला: दैवशाला यांचं काम सगळ्यात चोख, इतरांना दाखवा. मला शंका आली. उघडून बघितलं. तीन जून. चौदा ऑगस्ट. सव्वीस फेब्रुवारी. फोटोत मात्र सगळीकडं एक जून.

परत तेरला गेलो. ताई सासूबाईंना दुधात भाकरी कुस्करून भरवत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"खरं भरलं की तुमचं मशीन मला चोर म्हणतंय," त्या म्हणाल्या. "मग म्या एकेकाला येगळी तारीख वाटून दिली. चुकलं माजं, भाऊ. पर ह्यांना टाकून म्या जाऊ कुठं?" आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मला माझीच लाज वाटली. तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडून नियम पुसून टाकला. साहेबांना काय करायचं ते करू दे! मग चारशे बारा नोंदी परत भरायला बसलो. त्या वाचायच्या, मी टाकायचो. मधेच उठून सासूबाईंची कूस बदलून यायच्या.

चार वाजता शेवटचं पान संपलं. त्यांनी चहा पुढं ठेवला आणि सहज विचारलं, "भाऊ, तुमचा वाढदिस कवा असतो?"

"दाखल्यावर एक जून आहे," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "म्हंजे नियम लिवतानाच तुमाला ठाव हुतं," म्हणाल्या.