रेषेबाहेरची माती

आमच्या पोर्तिन्यू गावात रविवारी दुपारी कुणाला भेटायचं असेल तर घरी जाऊ नये, फुटबॉलच्या मैदानावर जावं. घरी सापडला तर तो माणूस आजारी तरी असतो, नाहीतर बायकोशी भांडलेला. मैदानाच्या एका अंगाला बंदर, दुसऱ्या अंगाला स्मशानाची भिंत. गोल हुकला की भिंतीपलीकडचे वाडवडीलसुद्धा शिव्या हासडत असतील, असं दिओलिंदा म्हणायची. दिओलिंदा मासळी विकायची, त्यामुळे तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती.

ही गोष्ट तिच्या भाच्याची, जासिंतूची. आठवडाभर तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा आणि रविवारी आमच्या क्लबाकडून विंगर म्हणून खेळायचा. विंगरचं काम तसं एकाकीच. मधली माणसं चेंडूसाठी एकमेकांच्या उरावर बसतात आणि हा कडेच्या रेषेला चिकटून उभा. चेंडू आला की सुटायचं, नाही आला की कमरेवर हात ठेवून समुद्राचा वारा खायचा. जासिंतू बारीक, काटक, थोडासा फेंगडा. पण एकदा सुटला की समोरच्याची धांदल उडायची.

त्याची हूल ठरलेली होती. लहान लहान पावलं, मग मध्येच एक थांबा, जणू काही घरी विसरलंय असा. समोरचा गडी त्या थांब्याला फसून अंग टाकायचा आणि हा बाजूने पसार. जिल्ह्यातल्या प्रत्येक बचावपटूला ही हूल पाठ होती, आणि तरीही दर रविवारी त्यांच्यातलं कुणी ना कुणी मातीत लोळायचंच.

त्याचा बाप कुस्तोदियू. नावेचा तांडेल होता, नावाजलेला. जासिंतूला मिसरूड फुटायच्या आत काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे नेले आणि नंतर वर्षभरात बायको गेली. तेव्हापासून म्हातारा दारात बसून जाळी विणायचा, दुरुस्त करायचा, आणि रविवारी बहिणीचा, म्हणजे दिओलिंदाचा, हात धरून मैदानावर यायचा. त्याची जागा ठरलेली होती. बंदराच्या बाजूला, अगदी कठड्याला लागून, पहिल्या ओळीत. हातात काठी, खिशात त्रेमोसूच्या खारवलेल्या दाण्यांची पुडी. दाणा दाताने दाबायचा, साल थुंकायची आणि ऐकायचं.

हो, ऐकायचं. आमचं मैदान तेव्हा मातीचं होतं, खड्याखड्यांचं. पडलात तर गुडघ्याची सालटीच निघायची. पण त्या मातीवर बुटांचा आवाज असा खरखर यायचा की म्हाताऱ्याला पोरगा कुठे आहे, कसा आहे, सगळं कळायचं. ज्याने दाट धुक्यात नुसत्या लाटेच्या आवाजावर खडक ओळखला, त्याला स्वतःच्या लेकराचे पाय ओळखू येणार नाहीत? पावलं लहान झाली की तो चावायचा थांबायचा. थांबा आला की काठी जमिनीवरून उचलायचा. आणि मग जासिंतू सुटायचा. कठड्याजवळचे लोक तर हुशार झाले होते, ते खेळाडूकडे न बघता काठीकडे बघायचे. काठी वर गेली की ओरडायला सुरुवात! लोकांच्या आधी म्हाताऱ्याला कळायचं, ही गावात अभिमानाची गोष्ट होती.

अडचण एकच होती. जासिंतूसारखा डावा विंगर पूर्वार्धात बंदराच्या बाजूला असतो, पण मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की तोच स्मशानाच्या भिंतीकडे जातो. तिथला आवाज बापापर्यंत पोचत नव्हता. मग जासिंतूने काय करावं? मध्यंतरानंतर गुपचूप उजवीकडे जाऊन उभा राहिला. म्हणजे पुन्हा बंदराचीच बाजू.

वाल्देमार तेव्हा नवा प्रशिक्षक होता. आमच्याकडे प्रशिक्षकाला 'मिस्टर' म्हणतात. तो पहिल्याच दिवशी भडकला. "अरे, तू विंगर आहेस की वारा? मघाशी इकडे, आता तिकडे!"

"मिस्टर, मला त्याच बाजूला खेळू दे."

"का? तिथे तुझी कोण बसलीय?"

"बाबा बसलाय."

वाल्देमारने कठड्याकडे पाहिलं. मग नाक शिंकरलं आणि म्हणाला, "उजव्या पायाने चेंडू मारायला शिक मग. नाहीतर बाकावर बसवीन." जासिंतू हिवाळाभर कारखान्याच्या भिंतीवर उजव्या पायाने चेंडू मारत राहिला आणि शिकला. पुढे पेपरात छापून आलं की पोर्तिन्यूच्या विंगरची जागा बदलण्याची चाल म्हणजे प्रशिक्षकाच्या बुद्धीची कमाल. वाल्देमारने ते कात्रण घरी लावलंय. लावू दे बापडा.

मध्ये एकदा लिस्बनच्या एका मोठ्या क्लबाने जासिंतूला नेलं. गावाने बंदरावर सार्डिनी भाजल्या, लाल वाईन ओतली, बायका रडल्या. कुस्तोदियूही एकदा तिथे जाऊन आला. त्याला कुठेतरी वरच्या मजल्यावर बसवलं होतं. परत आल्यावर लोकांनी घेरलं, "काय तांडेल, कसा खेळला पोरगा?"

"माणसं पुष्कळ ऐकली," म्हातारा म्हणाला. "तो काही ऐकू आला नाही."

वर्षभरात जासिंतू परत आला. कुणी म्हणतं, क्लबाने ठेवला नाही. कुणी म्हणतं, हाच राहिला नाही. दिओलिंदाला विचाराल तर ती म्हणेल, "तिथली सार्डिन खाऊन बघितलीस का कधी? मग?" जासिंतू स्वतः कधी बोलला नाही. सोमवारी कारखान्यात लाद्या ओढायला लागला आणि रविवारी रेषेवर उभा राहिला. काठी वर गेली. झालं.

अशी बरीच वर्षं गेली. मग निवडणूक आली आणि तिच्या पाठोपाठ कृत्रिम गवत आलं. हिरवंगार, गालिच्यासारखं गुंडाळून ट्रकमधून उतरलं. मापात कुणीतरी घोळ केला होता. बंदराच्या बाजूला, रेषेबाहेर, कठड्यापर्यंतचा पट्टा झाकायला गवत पुरलंच नाही. तिथे जुनी माती तशीच राहिली. पण एवढ्या आनंदात पट्ट्याचं कोण बघतो? फीत कापली, वाद्यं वाजली. कुस्तोदियू म्हणाला, "बरं झालं. पोराच्या गुडघ्यांना मऊ पडेल."

पहिल्याच सामन्यात जासिंतूला चेंडू मिळाला. लहान पावलं, थांबा, सुटला. समोरचा गडी आडवा. लोक ओरडले, आणि त्यानंतर काठी वर गेली.

लोकांच्या ओरडण्यानंतर!

जासिंतू पळता पळता अडखळला. चेंडू बाहेर गेला. त्या गवतावर बूट पडले तरी आवाजच येत नव्हता, आणि बाप कठड्याला कान लावून लोकांच्या आरोळ्यांवरून काठी उचलत होता, पोराला वाईट वाटू नये म्हणून.

रात्री जेवताना म्हातारा मक्याच्या भाकरीचा तुकडा सूपमध्ये बुडवत म्हणाला, "आज छान धावलास. ऐकलं मी."

"हो ना बाबा?"

"मग! अगदी पहिल्यासारखं."

जासिंतूने बापाच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं. बाप आनंदाने खोटं बोलत असेल तर त्याला उघडं कसं पाडायचं?

तेव्हापासून दिओलिंदाने कठड्याजवळ बोलायला सुरुवात केली. "चेंडू आला हं तुझ्या लेकाकडे... गेला, गेला, एकाला चकवलं!" मासळीबाजारात कमावलेला आवाज तो, भिंतीपलीकडच्यांनाही सामना कळत असणार. म्हातारा मान डोलवायचा आणि साल थुंकायचा.

आणि मग जासिंतूचा डावा गुडघा गेला. एकदम नाही, हळूहळू, जसा दोर झिजतो. कारखान्याच्या पायऱ्या चढताना कळ यायची. वाल्देमार आता म्हातारा झाला होता. त्याने हंगामाच्या सुरुवातीला त्याला बाजूला घेतलं. "पोरा, या वर्षी तू बाकावर. मला सांगतानाही लाज वाटते रे."

"मिस्टर, एक करशील? बाबाला कळू देऊ नकोस. रविवार सोडला तर काय आहे त्याला?"

झालं, सगळं गाव या खोटेपणात सामील झालं. जासिंतू बाकाच्या पार टोकाला बसायचा, तोंड मिटून. अंग गरम करायचं तर गोलाच्या मागे, दूर जाऊन. आणि दिओलिंदा? ती तर सुटलीच. तिच्या तोंडून जासिंतू उभ्या आयुष्यात खेळला नाही असा खेळू लागला. आजूबाजूचे लोक मान खाली घालून त्रेमोसू चावत बसायचे. एका रविवारी तिने त्याला डोक्याने दोन गोल मारायला लावले, तेव्हा मागच्या ओळीतल्या न्हाव्याने छातीवर क्रूसाची खूणच केली.

फेब्रुवारीतली गोष्ट. थंडी, वारा. एक गडी लंगडायला लागला तसा वाल्देमार म्हणाला, "जासिंतू, अंग गरम कर." जासिंतू सवयीने गोलाच्या मागे निघाला, तर रेषेवरच्या पंचाने झेंडा आडवा धरला. "तिकडे नाही. इथे, तुमच्या बाकापुढे."

बाकापुढे म्हणजे मातीचा पट्टा. बापाच्या अगदी नाकासमोर.

जासिंतू पट्ट्याच्या कडेवर थबकला. इथे पाय टाकला की म्हाताऱ्याला कळणार, पोरगा रेषेच्या बाहेर आहे. तो चवड्यांवर धावू लागला, चोरासारखा. लोक हसायला लागले. वाल्देमार ओरडला, "अंडी तुडवतोयस का रे?" आणि नेमकं त्याच वेळी दिओलिंदा रंगात आली होती, "तो बघ, तिकडच्या बाजूला तुझ्या लेकाने चेंडू घेतला, आता बघ कसा—"

"गप गं, दिओलिंदा," कुस्तोदियू म्हणाला.

त्याचं चावणं थांबलं होतं. मान हळूच पट्ट्याकडे वळली. तोंड थोडं उघडं, जसं नावेच्या पुढच्या टोकाला, नाळीवर उभं राहून तो अंधारात ऐकायचा, तसं.

जासिंतूने ते तोंड पाहिलं, आणि त्याच्या मनातली सगळी भीती कुठल्या कुठे गेली. त्याने टाचा खाली टेकवल्या. खर्र. मग पूर्ण पाऊल. खर्र, खर्र. कठड्याला घासून तो धावला, पट्ट्याच्या टोकाला गेला, वळला. पुढे चेंडू नाही, समोर गडी नाही. लहान लहान पावलं. थांबा.

काठी वर गेली.

कुणी ओरडलं नव्हतं. मैदानात तर भलतंच काही चाललं होतं. पहिल्या ओळीतले लोक मैदान सोडून त्या काठीकडे बघत बसले. दिओलिंदाने, जिचं तोंड आम्ही कुणी बंद झालेलं पाहिलं नव्हतं, मासळीच्या एप्रनने डोळे पुसले.

"जासिंतू!" वाल्देमारने हाक मारली. "ये, जाकीट काढ. शेवटची दहा मिनिटं आहेत, जा."

सगळा हंगाम त्याने या हाकेची वाट पाहिली होती. तो बाकाजवळ आला, धापा टाकत. "मिस्टर, दुसऱ्या कुणाला पाठव. मला इथेच धावू दे."

वाल्देमारने कठड्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मग नाक शिंकरलं आणि दुसऱ्याला हाक मारली.

आम्ही तो सामना हरलो. किती गोलांनी, ते मला विचारू नका.

घरी जाताना बापाचा हात लेकाच्या कोपरात होता. दिओलिंदा मुद्दाम मागे राहिली. बंदराचा वळसा संपला. मग जासिंतूने विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"काय?"

"मी बाकावर बसतो ते."

"आत्याने तुला डोक्याने दोन गोल मारायला लावले, तेव्हापासून. जन्मात कधी डोक्याला चेंडू लावलायस? बाई शिळी सार्डिनसुद्धा याहून बरी खपवते."

जासिंतू हसला आणि हसता हसताच रडायला लागला. म्हाताऱ्याने चाल थोडी मंद केली, पण हात सोडला नाही.

"ते गवत आलं ना," तो म्हणाला, "तेव्हापासून तू नव्हतास रे. लिस्बनला होतास तेव्हा तरी वाटायचं, येशील. इथे तर समोर असून नव्हतास. कुणाला सांगणार? आज आलास."

"खेळलो नाही बाबा मी आज. नुसता धावलो."

"मला काय करायचंय खेळाशी!"

दार आलं. म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली, कोनाड्यातली किल्ली चाचपली, आणि उंबरठ्यावर थांबला.

"डावा गुडघा दुखतोय, गरम पाण्याने शेकून घे. आणि ऐक, तुझा थांबा आज आखूड पडला. घाई करतोस. पुढच्या रविवारी जरा जास्त थांब."

"बरं," जासिंतू म्हणाला, आणि पाणी तापवायला आत गेला.