ती प्यायली पाणी?

बायको गेली तेव्हा मी घरी नव्हतो. आधी तेच सांगून टाकतो.

अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडं येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती. दोन हजार चारच्या हिवाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण गिळणं गेलं. डॉक्टरनं बजावलं, पाणी पाजायचं नाही, फुफ्फुसात जाईल. काडीला लावलेला ओला स्पंज ओठांवरून फिरवायचा, बस्स. सुनेनं तसा कागद फ्रिजवर चिकटवला होता.

शेजारी नायजेरियातली एक बाई राहायची. तिची म्हातारी आई नातीला सांभाळायला आली होती. म्हातारीला इग्बो सोडून दुसरी भाषा येत नव्हती आणि माझ्या बायकोला मराठी सोडून. तरी दोघी दुपारभर मेथी निवडत बसायच्या. एकमेकींना काय सांगायच्या देव जाणे. बायको तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो.

त्या दिवशी मुलगा औषधं आणायला निघाला. मी पण बूट घातले.

"बाबा, बाहेर स्नो आहे. तुम्ही बसा ना आईजवळ."

"आलोच तासाभरात," म्हटलं. खरं म्हणजे त्या खोलीत मला गुदमरायला व्हायचं. मावशीला बोलावून बसवलं. पाण्याचा ग्लास दाखवला आणि बोट हलवलं, द्यायचं नाही. डोळे वटारून दोनदा सांगितलं. परत आलो तर मावशी कॉटशेजारी उभी, आणि बायको संपलेली. उशी ओली होती.

आमच्यात जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात. त्यासाठी गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू बायकोनं स्वतः येताना बॅगेतून आणला होता. "तुमच्यासाठी आणलाय, आधी तुमचाच नंबर," असं वर हसून म्हणाली होती. तो देव्हाऱ्यात तसाच बंद राहिला. तिनं पाणी मागितलं असणार आणि माझ्या बोटापायी ते मिळालं नसणार, हे एकच डोक्यात बसलं.

मुलाला विचारायला लावलं. त्यानं शेजारणीला इंग्रजीत विचारलं, तिनं आईला. म्हातारी बराच वेळ बोलली, हात हलवत, आवाज चढवत. मग शेजारीण मुलाला एवढंच म्हणाली, "शी वॉज स्लीपिंग." बोलणं केवढं आणि उत्तर केवढं! मी काय खुळा आहे? त्यानंतर मावशी आमच्याकडं यायची बंद झाली. मी अंगणात दिसलो की पडदा ओढून घ्यायची.

लायब्ररीत एक वॉचमन होता, पन्नाशीचा, तोही इग्बो बोलणारा. मी तिथं ऊब घ्यायला जायचो. माझं इंग्रजी मोडकं, पण त्याला पुरायचं. त्याला म्हटलं, ब्रदर, तुझी भाषा शिकव. तो पोट धरून हसला.

"पापा, या वयात? कोणी बाई बघितलीत की काय?"

"बघितलीय. सत्तर वर्षांची आहे. तिला एक विचारायचंय."

मी चौथी शिकलेला. सगळी हयात बस डेपोत टायर बदलण्यात गेली. पण त्यानं टायर बसवावा तसं वाक्य बसवायला शिकवलं. आपण म्हणतो, मी पाणी प्यायलो. त्यांच्यात आधी माणूस, मग त्याचं काम, मग वस्तू. मी प्यायलो पाणी. म ङुरु म्मिरी. शाळेत पाटीवर ङ गिरवला होता, जन्मात कधी कामाला आला नव्हता. तो इथं आला. बायको म्हणजे न्वुन्ये, आणि माझी म्हणायला म, तो मागून लावायचा. न्वुन्ये म. बायको माझी.

मी बोलायला लागलो की कामाचा शब्द सारखा शेवटी घसरायचा. तो म्हणायचा, "पापा, माणूस आत आला, पाणीही आत आलं, आणि पिणं दाराबाहेर थंडीत उभं केलंत!"

देणं, घेणं, खाणं, पिणं, हो, नाही, आभार एवढं त्यानं शिकवलं. "तुमचं जेवण आणि पाणीच संपत नाही," म्हणायचा. कशासाठी शिकतोय ते मी त्याला सांगितलं नाही.

बर्फ वितळल्यावर एका सकाळी मावशी मागच्या पायरीवर नातीला घेऊन बसलेली दिसली. मी सरळ जाऊन पुढ्यात उभा राहिलो. ती उठायला लागली. मी पाठ केलेलं बोलून टाकलं. "न्वुन्ये म, ऑ ङुरु म्मिरी?" बायको माझी, ती प्यायली पाणी?

म्हातारी मटकन खाली बसली. बराच वेळ नातीचे केस सारखे करत राहिली. मग लहान पोराला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलली. मी दिलं तिला पाणी. ती प्यायली.

पण तिचं संपलं नव्हतं. तिनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, खोकल्यासारखं केलं, मग एक बोट स्वतःच्या छातीला लावलं आणि माझ्याकडं बघत काहीतरी विचारलं. ते शब्द मला शिकवलेले नव्हते. तरी कळलं. माझ्यामुळं मेली का ती, असं विचारत होती. माझ्या वटारलेल्या डोळ्यांच्या धाकानं ही बाई सगळा हिवाळा पडद्यामागं बसून होती.

तुझी चूक नाही, तू बरोबर केलंस, हे इग्बोत कसं म्हणतात मला माहीत नव्हतं. जे होतं तेच म्हटलं. म्बा, म्हणजे नाही. मग परत म्हटलं, बायको माझी प्यायली पाणी. दालू. आभार. ती पदरासारखं फडकं तोंडाला लावून रडली.

त्या पाण्यानंच ती गेली का, मला माहीत नाही. ठसका लागला असेल. उशी ओली होती. डॉक्टरला विचारलं तर तो सांगेल, म्हणून मी विचारलं नाही. मुलालाही सांगितलेलं नाही. महिन्याभरात मावशी तिच्या देशी परत गेली.

गडू अजून सीलबंद आहे. पाणी पाजायचं काम माझं होतं. ते परक्या बाईनं केलं, आणि त्याची भीतीही तिनंच सोसली. मी तेव्हा औषधाच्या दुकानात रांगेत उभा होतो.